काळजी आणि कब्जा

नोव्हेंबर महिना निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचा. एरवी आतल्या खोलीत पडून असलेले आजोबा त्या महिन्यात दाढी करून, धुतलेला सदरा घालून रिक्षाने बँकेत आणले जातात. मुलगा त्यांचं बोट धरून यंत्रावर टेकवतो, ठसा जुळतो आणि पुढच्या वर्षाची पेन्शन पक्की होते. आजोबा जिवंत आहेत एवढीच खात्री सरकारला हवी असते. ते कसे जगताहेत, एटीएम कार्ड कोणाच्या खिशात असतं, यासाठी त्या दाखल्यावर रकाना नाही. बहुतेक घरांत त्यात वावगं काही नसतंही. पण जिथे असतं, तिथे बाहेरच्या माणसाची नजर वर्षातून एकदाच पडते, आणि तीही बोटाच्या ठशावर.

वृद्धांवर आणि अपंगांवर घरात होणारी हिंसा हे आपल्याकडे दोन वेगळे विषय मानले जातात. मंत्रालयात तर त्यांची खातीच वेगळी आहेत. ज्येष्ठ नागरिक सामाजिक न्याय विभागाकडे. अपंगांसाठी ३ डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग. आणि कौटुंबिक हिंसा महिला व बालविकासकडे. घरात मात्र ही खाती एकाच खाटेवर येतात. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली ऐंशीची आजी वृद्धही असते, अपंगही आणि बाईही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या चाळिशीतल्या मुलाला उचलणारी आई स्वतः सत्तरी ओलांडलेली असते. दोन्हीकडे पेच एकच असतो: उठणं, जेवणं, संडासला जाणं, औषध, पैसा यांसाठी ज्याच्यावर विसंबायचं, तक्रारही त्याच्याचविरुद्ध करायची.

या प्रश्नावर गेल्या वीस वर्षांत जे कायदे, योजना आणि अभ्यास झाले ते एकत्र ठेवून पाहिले, तर एक विसंगती ठळक दिसते. आपला कायदा मालमत्तेभोवती उभा आहे आणि हिंसा मुख्यतः सेवेभोवती घडते. प्रतिबंधाचे बरेचसे प्रयत्न फसतात ते इथे.

आधी व्याप्ती पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १० कोटी ३८ लाख लोक होते. अपंगत्व नोंदवलेले २ कोटी ६८ लाख, त्यांपैकी महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांच्या वर. त्यानंतरचे जनगणनेचे आकडे अजून हाती नाहीत. दोन्ही संख्या आज बऱ्याच मोठ्या असणार. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर वृद्धत्वाची मोठी पाहणी केली, ती ‘लासी’ या नावाने ओळखली जाते. तीत साधारण पाच टक्के ज्येष्ठांनी गेल्या वर्षभरात आपल्याला वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना मात्र जगभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज करून सहात एक असं प्रमाण देते. मग आपल्याकडे छळ कमी होतो का? मला तसं वाटत नाही. प्रश्न विचारणारा घरी येतो तेव्हा सून चहा घेऊन उभी असते, नातू मोबाइलवर बसलेला असतो. त्यांच्यादेखत कोणती सासू ‘मला उपाशी ठेवतात’ म्हणेल?

अपंगांबाबत ‘लॅन्सेट’ नियतकालिकात २०१२ मध्ये आलेले दोन आढावे अजून आधाराला घेतले जातात. अपंग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट, अपंग प्रौढांवर दीडपट आणि मानसिक आजार असलेल्यांवर त्याहून कितीतरी जास्त, असं त्यांत निघालं. हे आकडे मुख्यतः श्रीमंत देशांतल्या अभ्यासांवरून काढलेले आहेत. आपल्याकडे मोजणीच इतकी तुटपुंजी आहे की तुलना करायला फारसं काही हाती लागत नाही.

हिंसा म्हटलं की मारहाण डोळ्यांपुढे येते. या घरांत मारहाण असते, पण ती शेवटची पायरी. ‘लासी’त तक्रार करणाऱ्यांनी सर्वांत जास्त सांगितला तो शाब्दिक छळ. घरोघरचे ज्येष्ठही तेच सांगतात, “हात नाही हो लावत, नुसतं बोलतो.” त्या ‘नुसत्या’ बोलण्यात ‘अजून किती दिवस’, ‘खायला काळ’, ‘बाकीच्यांकडे का जात नाही’ हे सगळं येतं. दोन मुलगे असले की आईवडिलांची महिन्यामहिन्याची पाळी लावतात, आणि तीस तारखेला संध्याकाळी आईची पिशवी दाराबाहेर येते. एकतीसचा महिना असला की त्या एका दिवसावरून भांडण होतं. काही घरांत वडील थोरल्याकडे आणि आई धाकट्याकडे अशी वाटणी होते. पन्नास वर्षांच्या संसारानंतर नवराबायको लग्नसमारंभातच भेटतात. कायद्याच्या कुठल्या कलमात हे बसवायचं?

सेवेतून होणारी हिंसा आणखी बारीक असते. रात्री उठवावं लागू नये म्हणून सहानंतर पाणी द्यायचं नाही. सकाळी बांधलेलं डायपर रात्रीच काढायचं. झोपेची गोळी डॉक्टरांनी सांगितली अर्धी, द्यायची दीड. श्रवणयंत्राचा सेल संपला तर महिनाभर आणायचा नाही, म्हणजे घरात काय चाललंय ते कळायलाही नको. व्हीलचेअर पाहुण्यांच्या देखत दिवाणखान्यात, एरवी घडी घालून माळ्यावर. अंध बाईच्या सामानाची जागा मुद्दाम बदलायची. बहिऱ्या मुलीचा मोबाइल काढून घ्यायचा, म्हणजे व्हिडिओ कॉलवर खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या मैत्रिणीच तुटल्या. चाकाच्या खुर्चीवरच्या अनेक बायका आपणहून पाणी कमी पितात, कारण संडासला नेण्यासाठी हाक मारली की काय ऐकावं लागेल ते त्यांना ठाऊक असतं. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, दवाखान्याची पायरी चढावी लागते, आणि केसपेपरवर नोंद होते ती संसर्गाचीच.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींच्या वाट्याला एक जास्तीची हिंसा येते. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण दिलं गेलं होतं. संस्थेतली गोष्ट म्हणून ती बाहेर तरी आली. तीच मागणी घेऊन पालक आजही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातात. त्यामागे पाळीच्या त्रासाइतकीच दुसरीही भीती असते, की कोणी अत्याचार केला तर निदान दिवस तरी राहायला नकोत. अत्याचार होणारच असं गृहीत धरून केलेला हा बंदोबस्त आहे. आणि बंद दाराआड अत्याचार करणारा बहुधा मुलीच्या ओळखीचाच असतो.

आता कायद्याकडे. ‘आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण’ यासाठीचा २००७ चा केंद्रीय कायदा हा या क्षेत्रातला मुख्य आधार. महाराष्ट्राचे त्याखालचे नियम २०१० चे. साठी पूर्ण केलेली व्यक्ती किंवा कोणत्याही वयाचे आईवडील प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साध्या अर्जावर दाद मागू शकतात. अर्ज त्यांच्या वतीने दुसरी व्यक्ती वा संस्था करू शकते, न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. निकाल ९० दिवसांत, अपवाद म्हणून आणखी ३० दिवस. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. २००७ साली ठरलेला हा आकडा अजून तोच आहे. मूलबाळ नसेल तर मालमत्ता ज्याला मिळणार त्या नातेवाइकावर जबाबदारी. वाऱ्यावर सोडून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कागदावर हे सोपं, स्वस्त आणि जलद आहे. पण प्रांताधिकाऱ्यांचं टेबल डोळ्यांपुढे आणा. रस्त्याचे वाद, भूसंपादन, जातीचे दाखले, निवडणूक, टंचाई, मोर्चाचा बंदोबस्त. या सगळ्यात ज्येष्ठांच्या प्रकरणाची तारीख लागते, साहेब दौऱ्यावर असतात, पुढची तारीख पडते. अर्जदार सत्तरीचे, जिना पहिल्या मजल्याचा. आणि सुनावणी संपली की अर्जदार आणि सामनेवाला एकाच एसटीने एकाच घरी परततात.

या कायद्यातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं हत्यार म्हणजे कलम २३. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने वा दबावाने झालं असं मानून रद्द करता येतं. महाराष्ट्रात याला विशेष महत्त्व आहे, कारण राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडांना बक्षीस द्यायची तर मूळ मुद्रांक शुल्क २०१५ पासून अवघं २०० रुपये आहे. शहरी भागात वर अधिभार लागतो एवढंच. सवलत चांगल्या हेतूची. पण ‘बाबा, मृत्युपत्राला कोर्टकचेऱ्या लागतात, बक्षीसपत्र दोनशे रुपयांत होतं’ हे वाक्य तिने घराघरांत पोचवलं. मृत्युपत्र मरेपर्यंत बदलता येतं, बक्षीसपत्र नोंदलं की घर गेलं. हा फरक दुय्यम निबंधकाच्या खिडकीशी कोणी समजावून सांगत नाही. दस्त लिहिणाऱ्याच्या छापील मसुद्यात ‘प्रेम व मायेपोटी’ असतं, सांभाळाची अट नसते. २०२२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट होती हे दाखवल्याशिवाय कलम २३ लागू होणार नाही असं म्हटलं आणि पुष्कळ वृद्धांचा आधार गेला. २ जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने कायद्याच्या हेतूकडे पाहून उदार अर्थ लावायला सांगितलं आणि न्यायाधिकरण ताबाही परत देववू शकतं हे स्पष्ट केलं. तरी शहाणपण दस्तात अट लिहून घेण्यातच आहे. त्या दोन ओळींनी जेवढी हिंसा टळेल तेवढी दहा व्याख्यानांनी टळणार नाही.

घराबाहेर काढण्याचा प्रश्न याला जोडूनच येतो. छळणाऱ्या मुलाला घर सोडायला लावण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईतलंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. वडील ऐंशीचे, आई अठ्ठ्याहत्तरची, आणि मुलाचा बचाव असा की आपणही आता ज्येष्ठ नागरिक आहोत! अर्ज केला तेव्हा तो एकोणसाठ वर्षांचा होता, असं म्हणून न्यायालयाने तो बचाव फेटाळला. हा तिढा पुढे वाढतच जाणार आहे. नव्वदीच्या सासूला सांभाळणारी सून पासष्टीची, गुडघे बदललेली असते. अशा घरात छळणारा आणि छळ सोसणारा हे दोन्ही म्हातारेच.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा फक्त सुनांसाठी आहे हा आपल्याकडचा गैरसमज. सासू, आई, बहीण, वहिनी, अपंग मुलगी, नात्याने एका घरात राहणारी कोणतीही स्त्री त्याखाली संरक्षण मागू शकते. मुंबईतल्या एका आईने आणि मुलीने मुलगा, सून आणि इतर मुली यांच्याविरुद्ध केलेल्या तक्रारीतूनच सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द त्या कायद्यातून काढले. तेव्हापासून छळणाऱ्या स्त्रीविरुद्धही दाद मागता येते. पुरुषाला मात्र या कायद्याचं छत्र नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला किंवा अपंग भावाला संरक्षणाचा तातडीचा आदेश देणारा दुसरा तितका सुटसुटीत कायदा नाही. उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. नवऱ्याशी पटेनासं झालेल्या सुनेला घराबाहेर घालवण्यासाठी सासूसासऱ्यांना पुढे करून ज्येष्ठांचा कायदा वापरला जातो. डिसेंबर २०२० मध्ये बंगळुरूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की एका दुबळ्या घटकासाठीचा कायदा दुसऱ्या दुबळ्या घटकाचं छप्पर काढायला वापरता येणार नाही. दोन्ही कायदे एकत्र वाचायला हवेत.

अपंगांसाठीचा २०१६ चा हक्क कायदा या बाबतीत आश्चर्य वाटावं इतका नेमका आहे. कलम ७ म्हणतं, छळाची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे व्यवहारात तहसीलदाराला देऊ शकतो. त्याने सुटका, हवं असेल तर सुरक्षित जागा आणि निर्वाह यांची व्यवस्था करायची. कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. त्यात अपंग व्यक्तीचा ताबा असताना जाणूनबुजून अन्नपाणी न देणं हा गुन्हा आहे, आणि आधाराचं उपकरण वापरण्यात अडथळा आणणं हाही. म्हणजे माळ्यावर टाकलेल्या त्या व्हीलचेअरची नोंद कायद्याने घेतली आहे. ज्येष्ठांच्या कायद्यात असं एकही वाक्य नाही. गंमत अशी, की पडून असलेली बहुतेक म्हातारी माणसं अपंगांच्या कायद्याच्या व्याख्येत बसू शकतात. त्यांना अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायचं कोणी सुचवत नाही आणि ठाणे अंमलदाराला कलम ९२ पाठ नसतं. प्रांत आणि तहसीलदार बऱ्याच तालुक्यांत एकाच आवारात बसतात. दोन कायद्यांखालचे अर्ज एकाच खिडकीवर घेतले तर एक पैसा जास्त लागणार नाही.

अपंग भावंडांचा प्रश्न मात्र कायद्याच्या फटीत पडून राहिला आहे. “माझ्यामागे याचं कोण?” हे वाक्य मतिमंद मुलांच्या शाळेत पालकसभेला गेलात तर दर दुसऱ्या आईच्या तोंडून ऐकू येतं. आईवडील गेल्यावर भावाने अपंग भावाला पोसावं अशी सक्ती पोटगीच्या तरतुदींत नाही. हिंदू वारसा कायद्यानुसार अपंगत्वामुळे वारसाहक्क जात नाही, सातबाऱ्यावर त्याचं नाव लागतं. मग हक्कसोडपत्रावर त्याचा अंगठा घेतला जातो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. कुटुंबं तिच्याकडे येतात ती बहुधा बँकेने किंवा विमा कंपनीने कागद मागितला म्हणून. नेमलेला पालक पाच वर्षांनी त्या माणसाला कसं ठेवतो आहे, हे घरी जाऊन पाहणारं कोणी नसतं. मनोरुग्णांना साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी घातली, आणि २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला २८ साखळदंडातले रुग्ण आगीत जळाले ते कोणी विसरलेलं नाही. पण गोठ्याला लागून असलेल्या खोलीत कडी लावून ठेवलेला मुलगा गावाला माहीत असतो आणि गाव त्याला ‘त्यांच्या घरचा प्रश्न’ म्हणतं.

या विषयावरची आपली व्याख्यानं ‘संस्कार कमी पडले’ इथे संपतात. याला ‘नटसम्राट’ थोडं जबाबदार आहे, असं मी म्हणेन. १९७० पासून त्या नाटकाने आपल्या मनावर ठसवलं की हा कृतघ्नतेचा मामला आहे. देऊन बसलेला बाप आणि उलटलेली मुलं. ते नाटक म्हणून थोर आहे, पण ज्याच्याकडे द्यायला काहीच नव्हतं त्या म्हाताऱ्याचं काय? आणि जी मुलगी उलटलेली नाही, दहा वर्षं आईचं शी-शू काढते आहे आणि एका दुपारी थप्पड मारून बसते, तिचं काय? देशात डिमेन्शिया असलेले सुमारे ८८ लाख वृद्ध आहेत असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हा आजार असलेला माणूस रात्री तीनला दार उघडून निघतो, जेवण झाल्यावर पाच मिनिटांत ‘मला उपाशी ठेवलं’ म्हणून शेजाऱ्यांना सांगतो, कधी काठीने मारतो. सांभाळणारी बहुधा बाईच असते, तिला सुट्टी नसते, पगार नसतो, रात्रीची सलग झोप नसते. संस्कारांचा तिला काय उपयोग? आया ब्युरोची बारा तासांची मावशी ठेवायची तर महिन्याचा खर्च मध्यमवर्गीय पगाराला खिंडार पाडतो, आणि त्या मावशीला कसलंही प्रशिक्षण नसतं. मनापासून छळणारे आणि थकून हात सुटलेले यांना एकाच कलमाखाली आणायचं नसेल, तर दुसऱ्या गटासाठी कायद्याआधीची काहीतरी सोय हवी.

जपानने हे ओळखलं. तिथला २००५ चा कायदा वृद्धांच्या छळाचा प्रतिबंध आणि सांभाळणाऱ्यांना आधार, अशा जोडनावाचाच आहे. २०११ मध्ये अपंगांसाठीही त्याच धर्तीचा कायदा झाला. नगरपालिकेला तक्रार आली की कर्मचारी घरी जातो, खात्री करतो आणि गरज असेल तर वृद्धाला काही दिवस दुसरीकडे ठेवून घरच्यांना विसावा देतो. २००० पासूनचा दीर्घकालीन शुश्रूषा विमा हाताशी असल्याने हे जमतं. तरीही घरच्यांकडून छळ झाल्याची खात्री झालेली सतरा हजारांच्या आसपास प्रकरणं तिथे वर्षाला नोंदली जातात. ती नोंदली जातात, हाच फरक. इतक्या लांब जायचं नसेल तर केरळ आहे. तिथे अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्याला ‘आश्वासकिरणम्’ योजनेत महिना ६०० रुपये मिळतात. रक्कम हास्यास्पद, पण ‘हे काम आहे’ ही सरकारी कबुली त्यात आहे. त्याहून मोलाचं म्हणजे मलप्पुरम भागातून वाढलेली परिहार सेवा (पॅलिएटिव्ह केअर). शेजारपाजारचे स्वयंसेवक आणि परिचारिका ठरलेल्या दिवशी घरी येतात, अंग पुसून देतात, जखमा बघतात. पाठीला बेडसोअर कसा झाला हे पुढच्या आठवड्यात विचारणारं कोणी आहे, हे घरातल्यांना ठाऊक असतं.

आपल्याकडे अशी घरात शिरणारी माणसं नाहीत असं नाही. आशाताई दर घराची उंबरठ्यापर्यंतची माहिती ठेवतात, पण त्यांच्या वहीत गरोदर बाई आणि लहान मूल यांना जागा आहे, खाटेवरच्या म्हातारीला फारशी नाही. ज्येष्ठांच्या कायद्याखालच्या नमुना नियमांनुसार पोलिसांनी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवून महिन्यातून एकदा समाजसेवकासह भेट द्यायची आहे. मुंबई-पुण्यात अशी नोंदणी होते, वाढदिवसाला हवालदार फूल घेऊन गेल्याचे फोटोही येतात. ही यादी चोरदरोडेखोरांच्या भीतीने बनली आहे, म्हणून ती एकट्यांची. कुटुंबात राहून छळ सोसणारा तिच्यात येतच नाही.

रुग्णालय ही दुसरी जागा. ‘बाथरूममध्ये पडल्या’ हे कारण इतकं पटण्यासारखं असतं, की अपघात विभागातला निवासी डॉक्टर पुढे विचारत नाही. दोन्ही दंडांवर बोटांच्या खुणा, वेगवेगळ्या रंगांचे जुने-नवे वळ, महिन्यात उतरलेलं वजन, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर रुग्णाऐवजी सोबतच्याने देणं. एवढं दिसलं तरी नातेवाइकाला ‘जरा बाहेर थांबा’ म्हणायचं, इतकं साधं आहे ते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास ‘सेहत’ संस्था आणि महापालिकेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, पुढे ते महापालिकेच्या इतर रुग्णालयांत गेलं. पट्टी बांधायला आलेल्या बाईशी एकटीला बसवून बोलण्याची पद्धत मुंबईत तिथे रुजली. ती पुरुष वृद्धांपर्यंत आणि अपंगांपर्यंत न्यायला नवा शोध लागणार नाही. खुणांची भाषा जाणणारा दुभाषी मात्र लागेल. अपंग स्त्रीचा लैंगिक अत्याचाराचा जबाब तिच्या सोयीच्या जागी, दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने घ्यायचा, हे २०१३ पासून कायद्यात आहे. पोलीस ठाण्याच्या भिंतीवर अशा दुभाष्याचा नंबर लावलेला सहसा दिसत नाही.

पैशाचा बंदोबस्त तुलनेने सोपा. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे दीड हजार (२०२५ मध्ये दिव्यांगांसाठी अडीच हजार झालेले) थेट खात्यात जमा होतात. प्रश्न खातं कोण चालवतं हा. सत्तरीपुढच्यांना आणि अपंगांना घरपोच बँकसेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितलं आहे. महिन्यातून एकदा बँकमित्र घरी आला आणि नोटा माणसाच्या स्वतःच्या हातात ठेवून गेला, तर पैशाइतकाच त्या भेटीचाही उपयोग. पगारातून कपात करण्याचा मार्गही काहींनी काढला. आसामने २०१७ मध्ये कायदाच केला: सरकारी कर्मचारी आईवडिलांकडे दुर्लक्ष करत असेल तर पगाराचे दहा टक्के त्यांच्या खात्यात, आणि अपंग भावंड असेल तर आणखी पाच टक्के. लातूर जिल्हा परिषदेने तीस टक्के कपातीचा ठराव करून तो काही कर्मचाऱ्यांना लावलाही. नोकरदारांपुरता हा उपाय चालतो. ऊसतोडीला गेलेल्या मुलाचं काय कापणार?

निर्वाहभत्त्याची मर्यादा काढणारं, सून-जावयांनाही जबाबदार धरणारं आणि घरपोच सेवा देणाऱ्यांवर देखरेख आणणारं २००७ च्या कायद्याचं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते मंजूर न होताच २०२४ मध्ये लोकसभेबरोबर बाद झालं. ‘फेस्कॉम’सारखा १९८० पासूनचा ज्येष्ठांचा महासंघ आणि गावोगावचे त्याचे संघ पाठपुरावा करतात, पण संघाच्या सभेला येतात ते चालते-फिरते ज्येष्ठ. न चालणाऱ्यांच्या घरी दर पंधरवड्याला जाणारी एक जोडी प्रत्येक संघाने ठरवली, तर हा महासंघ आज कोणत्याही खात्याकडे नसलेलं जाळं उभं करू शकेल.

आणि मग तातडीची मदत. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालतो. स्त्रियांसाठी १८१ आणि कोणासाठीही ११२ चोवीस तास. समजा रात्री अकराला शेजाऱ्याने ११२ फिरवला, पोलीस आले, त्यांनी सत्त्याहत्तर वर्षांच्या, अर्धांगवायू झालेल्या माणसाला मार खाताना पाहिलं. नेणार कुठे? महिलांच्या निवारागृहात पुरुषाला जागा नाही. बहुतेक वृद्धाश्रमांची पहिली अट स्वतःचं स्वतः करता येण्याची. जिल्ह्याला किमान दीडशे जणांचा एक वृद्धाश्रम असावा असं २००७ च्या कायद्यात लिहिलंय, पण सरकार तो काढू ‘शकेल’ एवढंच. रुग्णालय म्हणतं, दाखल करण्यासारखं काही नाही. मग पोलीस मुलाला दम देतात, त्याच्याकडून ‘पुन्हा असं होणार नाही’ असं लिहून घेतात आणि वडिलांना त्याच खाटेवर ठेवून निघतात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अशांसाठी चार खाटा, आठ दिवसांच्या मुदतीने आणि केसपेपरवर आजाराचं नाव न मागता राखून ठेवायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. जिल्हाधिकारी आणि शल्यचिकित्सक यांची एक बैठक पुरते.